हौसाक्काला जमंना

आमचे भरतेशअण्णा ॲप तपासायला बसले की आधी चष्मा काढतात, मग ड्रॉवरमधल्या डबीतलं पीठ बोटांना चोळतात. का? तर कोगनोळीच्या हौसाक्काकडं चष्मा नाही, आणि ती भाकरी थापता थापताच फोन उचलते म्हणून.

ही हौसाक्का जगात कुठंच नाही. आम्ही बेळगावात दवाखान्यांसाठी ॲप बनवतो. बाहेर सोडण्याआधी ते ‘स्टेजिंग’वर असतं, म्हणजे सगळं खऱ्यासारखं, फक्त पेशंट खोटे. बाकीचे टेस्टर पेशंटचं नाव ‘अबक’ टाकून मोकळे होतात. आमच्या या निपाणीकर अण्णांनी हौसाक्काला गाव दिलं, गुडघेदुखी दिली, वर रागसुद्धा दिला. "आगंगिल्ल!" अण्णा आधी कानडीत निकाल देतात, मग मराठीत. "हौसाक्काला जमंना."

आणि आमचे साहेब! डोळे फोडून ॲप लिहिलं मी, पण मीटिंगमध्ये मला कोण विचारतो? "हौसाक्का काय म्हणते?" हा त्यांचा पहिला प्रश्न. माझा नुसता जळफळाट होतो. नसलेल्या बाईचा एवढा मान, आणि असलेला मी कोपऱ्यात!

या शुक्रवारी ॲप बाहेर पडलं की मला टीम लीड करणार होते. त्याच दुपारी अण्णांनी हात वर केले.

"हितं अडकली रं. ‘सोबत कोण येणार?’ म्हणतंय. भरल्याबिगर पुढं सोडंना."

त्या रकान्यावर सक्तीची चांदणी मीच लावली होती. "मग भरा की अण्णा! पोरगा, सून, शेजारीण, कुणीबी!"

"न्हाय. ती एकटीच येती."

माझं डोकं फिरलं. "अहो, खोटी बाई ती! तिला एक खोटा पोरगा द्यायला तुमचं काय जातंय?"

अण्णा बोटांचं पीठ पुसत बसले. "काल मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेलतो," ते हळूच म्हणाले. "काउंटरवरबी हेच इचारलं. सोबत कोण? कुणाचं नाव सांगू? आलो परत."

मला वाईट वाटलं. आणि ह्या माणसाबद्दल वाईट वाटतंय याचाही राग आला. "मी येतो," मी खेकसलो. "तारीख घ्या."

अण्णा माझ्याकडं बघतच राहिले. "तू येतूस व्हय?" मग त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "आणि हिच्यासंगं कोण?"

मी गपगुमान चांदणी काढायला बसलो. ती काढायची म्हणजे सगळं पुन्हा तपासणं आलं. साहेबांना फोन करून सांगितलं, "आज जमणार नाही. हौसाक्का एकटीच येते."