भिकनची सहा महिन्यांची वाढ

त्रेपन्न साली सहा महिन्यांत भिकन दोन इंच आखूड झाला, आणि शिकाऊ मास्तर सुकदेवनं ते तसंच वहीत लिहिलं. धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात एकाच मुलाची वाढ सहा महिने पाहून वही द्यायची होती. सरांचा दंडक असा, की दिसेल ते लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. वही नापास झाली की शिरपूरच्या शाळेतली नोकरी हातची जाणार होती.

म्हणून बिचारा दर महिन्याला टेप घेऊन नरडाण्याजवळच्या खेड्यात पायपीट करी. कस्तुराबाई आपल्या अडीच वर्षांच्या भिकनला पुढे उभं करी. डोळ्यांवर येणारं टोपडं आणि गालभर काजळ, तोंड दिसायचं कुठून? आषाढात त्याला बारा दात होते, श्रावणात सोळा, भाद्रपदात दहा. आश्विनात घडाघडा बोलणारा भिकन कार्तिकात मुका झाला. सुकदेवनं इमानेइतबारे सगळं लिहून घेतलं.

मार्गशीर्षात शेवटचं माप घेताना टोपडं घसरलं आणि खालून दोन वेण्या निघाल्या.

कस्तुराबाईची मान वर होईना. "भाऊ, मना दोन पोरे गयात," ती म्हणाली. "हाऊ एकच उरना. मोजेल पोर वाढस नही."

मोजलेल्या पोराला नजर लागते, ते वाढत नाही, या धास्तीनं तिच्या सहा जावांनी आपापलं मूल पुढे करायला एकेक महिना वाटून घेतला होता. नजर थोडी थोडी सगळ्यांच्या मुलांवर पडली तर कुणालाच फारशी बाधायची नाही, असं त्या बायांनी बसून ठरवलं होतं.

वहीपायी नोकरी जाणार हे सुकदेवकडून कळलं तशी कस्तुराबाई आत गेली आणि खऱ्या भिकनला घेऊन आली. "मोजा," एवढंच म्हणाली. सुकदेवनं न मोजताच टेप गुंडाळून खिशात घातली, आणि खोलीवर येऊन घडलं ते सगळं शेवटच्या पानावर लिहून टाकलं.

तोंडी परीक्षेला सरांनी वही शेवटपर्यंत वाचली. सुकदेवनं आशा सोडलेलीच होती.

"चाळीस वह्या आल्या," सर म्हणाले. "एकोणचाळीस मुलं दर महिन्याला पुस्तकात छापलंय तेवढीच वाढली आहेत. मूल बघायला खरोखर गेलेले तुम्ही एकटेच दिसता."