कर्णिक काकांच्या मागावर

नारायण पेठेतून मंडई चालत दहा मिनिटांवर आहे. कर्णिक काका गाडीने जातात आणि त्यांना चाळीस मिनिटं लागतात. कारण काका सरळ जातच नाहीत. डावीकडे, पुन्हा डावीकडे, परत डावीकडे, आणि चौथ्या डाव्या वळणाला निघाले तिथेच हजर. "चार वळणं घेऊनही जो मागे उरतो, तो पाळतीवर असतो. हेरांचा नियम आहे हा."

काका हेर नव्हते. सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर मोबाइलवर हेरपटांतले गाड्यांचे पाठलाग बघून बिघडले. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते आणि पादचाऱ्यांच्या हक्कांची पत्रकं वाटते. चालत जायच्या अंतराला गाडी काढणं हा शहरावर अन्याय आहे, आणि तीच गाडी गोल गोल फिरवणं हा चौपट अन्याय. हे मी काकांना तोंडावर सांगितलं. "दे पत्रक, कामाला येईल," म्हणाले, आणि त्या पत्रकाने गाडीचा आरसा पुसला.

एकदा चार वळणांनंतरही एक पांढरी गाडी मागे होती. काका हरखले! पाचवं वळण, सहावं, तरी मागेच. शेवटी काकांनी गाडी आडवी घातली आणि उतरून त्या गृहस्थांना दरडावलं, "आपल्याला कोणी पाठवलंय?"

"बायकोनं," गृहस्थ रडकुंडीला आले होते. "चक्का आणायला. अर्धा तास पार्किंग शोधतोय हो. तुम्ही निघताय का? मी लावतो इथे."

पेठेत चकरा मारणाऱ्या प्रत्येकाला हेर ठरवलं, तर निम्मं पुणं आत टाकावं लागेल. काकांना ते पटलं नाही. "उत्तर पाठ करून आला होता," एवढंच म्हणाले.

डावा इंडिकेटर देऊन उजवीकडे वळणं ही त्यांची दुसरी विद्या. त्यावर मात्र मी भडकले. "काका, मागचा मरेल एखादा!"

"मागचा फसला म्हणजे झालं. मरायचं काय कारण?"

त्यांची मुलगी मेधाताई कोथरूडला राहते. तिच्या कानावर हे गेलंच. "शुक्रवारी तू बाबांशेजारी बस," ती मला म्हणाली. "मी स्कूटरवरून मागे येते. एक भलतं वळण दिसलं, की किल्ली माझी. कायमची."

"घ्याच," मी म्हटलं. "मी साक्ष देते." काकू गेल्यापासून काका घराबाहेर पडायचे ते फक्त या गाडीसाठी, हे मला माहीत होतं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

शुक्रवारी आम्ही स्वारगेटला निघालो. मागे तोंडाला ओढण्या गुंडाळलेल्या निदान वीस स्कूटरवाल्या. पुण्यात वेषांतर वेगळं करावं लागत नाही. त्यातली मेधाताई कोणती, मलाच कळेना. काकांनी दोन बोळ पालथे घातले, डावा इंडिकेटर देऊन उजवीकडे वळले. मी मनातल्या मनात साक्ष लिहीत होते.

टिळक रस्त्यावर सिग्नल पिवळा झाला. हेरांसाठी हा सोन्यासारखा क्षण: आपण निसटायचं, मागचा लालवर अडकतो. काकांनी करकचून ब्रेक मारला.

"काय झालं?"

"मेधा आहे मागे. निळी ओढणी."

मी गार. "कसं ओळखलंत?"

"थांबायच्या आधीच दोन्ही पाय खाली सोडते. मीच शिकवलंय. फार पडायची, म्हणून सांगितलं होतं, पाय सोड, मी धरलंय."

"म्हणजे कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या वळणापासून."

"मग निघायचं ना पिवळ्यात! सुटला असतात."

"तीही निघाली असती मागोमाग. लालवर. हट्टी आहे."

निळी ओढणी खिडकीशी येऊन थांबली. काकांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून काचेबाहेर धरली. माझी साक्ष तयार होती. कुणी मागितली नाही.

मेधाताईनं ओढणी हनुवटीखाली ओढली. किल्लीकडे बघत राहिली. मागे हॉर्न सुरू झाले.

"घरी गेल्यावर घेते," ती म्हणाली. "हिरवा झालाय, बाबा. चला. मी मागे आहे."

काका निघाले. प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी खरा इंडिकेटर देत, वीसच्या वेगाने. लोक शिव्या घालत पुढे गेले. स्वारगेट आलं, तिथे ते थांबलेच नाहीत. घरी जायचा सगळ्यात लांबचा रस्ता त्यांनी धरला, आणि दर वळणानंतर आरशात बघून ती मागे आहे ना, याची खात्री करत राहिले.