अर्जंट, इंपॉर्टंट आणि अडकलेली कडी

शब्दाचा अर्थ नीट कळण्याआधीच काम सुरू केलं, तर ते होऊन बसण्याचा धोका असतो. आमच्या कार्यालयानं हा धोका आजवर पत्करलेला नाही.

आमच्याकडे शिक्के दोन : 'अर्जंट' आणि 'इंपॉर्टंट'. अर्जावर कोणता मारायचा, हे दोन्ही इंग्रजी शब्दांचा अर्थ आणि उगम ताडून ठरवायचं, असा नियम हेडक्लार्कसाहेबांनी स्वतः केला. (तेव्हापासून चुकीचा शिक्का एकदाही पडलेला नाही. बरोबरही पडलेला नाही.)

मंगळवारी अकरा वाजता साहेब संडासात गेले आणि कडी अडकली. दोन वर्षांनी येणाऱ्या लेकीला घ्यायला त्यांना पाचला स्टेशनवर पोचायचं होतं. आठवडाभर दुसरा विषय नव्हता. सुतार बोलवायला अर्ज हवा, अर्जावर शिक्का हवा. कोणता मारू, असं आम्ही बाहेरून विचारलं. आतून उत्तर आलं, "माझ्यासाठी नियम वाकवू नका. समिती नेमा."

तिघांची समिती दाराबाहेर खुर्च्या टाकून बसली. आत्ता न केल्यास बिघडतं ते अर्जंट, कधीच न केल्यास बिघडतं ते इंपॉर्टंट, इथवर एकमत झालं. साहेबांनी आतून दोन दुरुस्त्या सुचवल्या. मग जेवणाची सुट्टी झाली (साहेब वगळून). दुपारी उगम घेतले. कोशाप्रमाणे दोन्हींचं मूळ लॅटिन. इंपॉर्टंटचं 'आत आणणे' : साहेब आधीच आत, म्हणजे पूर्तता झाली. अर्जंटचं 'रेटणे' : अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर रेटला जात होताच. सबब प्रकरण निकाली काढून निर्णयाची प्रत त्याच दारावर चिकटवली.

पावणेपाचला सफाईच्या मावशी आल्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी बादली खाली ठेवली, दाराला खांदा लावला आणि रेटलं. दार उघडलं.

साहेबांना पाहून आम्हाला खरंच भरून आलं. त्यांनी मावशींना विचारलं, "कोणत्या शिक्क्यावर उघडलंत?"

"पोरगी यायचीय ना तुमची? पळा की," मावशी म्हणाल्या.

हे उत्तर नियमात बसत नसल्यानं साहेब मावशींना नोटीस लिहायला बसले. सव्वासहाला लेक स्वतःच बॅग ओढत कार्यालयात आली, तेव्हा त्यांचा दुसरा परिच्छेद चालू होता. तिला बाकावर बसायला सांगितलं. ती अजून बसली असेल.

हसू नका. तुम्हालाही सकाळपासून कुणाला तरी फोन करायचाय. तो इंपॉर्टंट आहे, म्हणूनच राहिलाय. हे वाचणं मात्र अर्जंट होतं. ते तुम्ही संपवलंत.