खांब जागेवर असल्याचा दाखला

निरीक्षक तीस तारखेला निवृत्त होणार होते. बायकोने भांडीकुंडी खोक्यांत भरून ठेवली होती; लेकीकडे जायचं आणि नातीला मांडीवर घ्यायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मी भांडारपाल. माझ्या सहीशिवाय या कार्यालयातून कुणी सुटत नाही. माणूस म्हणून मी वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

जडवस्तू नोंदवहीप्रमाणे त्यांच्या ताब्यात खुर्ची एक, कपाट एक आणि आवारातला सिमेंटचा खांब एक. खांबावरचा अँटेना उपग्रहांचे संदेश पकडतो आणि खांबाची जागा मिलिमीटरपर्यंत सांगतो. तेहतीस वर्षांपूर्वी ताबा घेताना जी जागा लिहिली, तीच आज मोजून भरायला हवी. आम्ही मोजलं. खांब एक मीटर बत्तीस सेंटिमीटर सरकलेला निघाला.

निरीक्षक हसले. म्हणाले, अहो, अख्खी जमीनच वर्षाला चार सेंटिमीटर सरकते, तेच तर मी दर महिन्याला कळवत आलोय. मी अहवाल काढले. तीनशे शहाण्णव भरले, प्रत्येकाखाली त्यांची सही. खांब सरकतोय हे ठाऊक असून या गृहस्थांनी तेहतीस वर्षांत एकदाही त्याला थांबवलं नाही! इतका रीतसर कबुलीजबाब मी जन्मात पाहिला नव्हता.

साहेबांनी समिती नेमली. उपग्रहच चुकले असतील का, अशी शंका निघाली. पण त्यांची कक्षा बोटभर चुकीच्या आत माहीत असते, असं निरीक्षकांनीच सांगून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मग एक सदस्य भोळेपणाने बोलून गेला, की जमीन सरकली तर साहेबांची खुर्चीही सरकली. साहेबांचा चेहरा उतरला. मुख्यालयही तेवढंच सरकलंय हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

खांब मूळ जागी न्यावा, असा आदेश निघाला. मंजुरीला सहा महिने लागले. आदेशाच्या दिवशी आखलेली मूळ जागा नेमकी जिन्याच्या पहिल्या पायरीवर आली, तिथे खांब बसवला. लोक वळसा घालून चढू लागले, कुणी काही विचारलं नाही. सिमेंट वाळल्यावर मोजलं, तर दोन सेंटिमीटरचा फरक. मंजुरी निघेपर्यंत जमीन थांबली नव्हती.

निरीक्षक माझ्या टेबलाशी आले.

"भाऊसाहेब, नात चालायला लागली हो."

"कुणाच्या परवानगीने?" सवयीने तोंडातून निघून गेलं. मग माझी मलाच लाज वाटली. मी छापील दाखला पुढे सरकवला. "हे घ्या. 'जमीन स्थिर आहे.' खाली सही करा, आत्ता सुटाल."

तेहतीस वर्षं मिलिमीटर मोजलेला माणूस तो. खिशातून पेन काढलं. मग डोळे पुसले आणि सही केली. पाच मिनिटांत मी त्यांना मोकळं केलं.

तेव्हापासून आमच्या दप्तरी जमीन स्थिर आहे.

हसताय? मागच्या वेळी तुम्ही आमच्या खिडकीवर फॉर्म भरलात, तेव्हा 'वरील सर्व माहिती खरी आहे' याच्या वर काय छापलंय ते वाचलं नव्हतंत. सही कुठे करायची, एवढंच विचारलं होतंत.