शून्य फटीचं दार

आमच्या कार्यालयातल्या बायकांच्या स्वच्छतागृहाचं दार मार्चमध्ये निखळून पडलं. नवं दार बसवायचं म्हणजे इमारतीत बदल, आणि बदलाला आराखडा लागतो. कार्यालयाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरवर न काढलेला आराखडा ग्राह्य धरू नये, असं परिपत्रक होतं. सबब, आधी सॉफ्टवेअर तयार करायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं.

कार्यालयात बाई एकच, आवक-जावक सांभाळणाऱ्या. त्या पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी आल्या.

"किती दिवस लागतील, इंजिनिअर?"

"दोन आठवडे, बाई."

"लवकर बघा. तोवर मी समोरच्या दवाखान्यात जाते. तिथे दर वेळी केसपेपर काढल्याशिवाय आत सोडत नाहीत."

मी कामाला लागलो. एका खिडकीत प्रोग्रॅम, शेजारच्या खिडकीत चित्र. तिकडे माऊसने रेघ ओढली की इकडे तिचा कोड आपोआप लिहून व्हायचा. इकडे आकडा बदलला की तिकडे रेघ सरकायची. शिवाय माझ्या रेघा ठिपक्यांच्या नव्हत्या, गणिताच्या होत्या. कितीही मोठ्या करा, धार तशीच. दहाव्या दिवशी पडद्यावर बिजागरीसकट दार उभं राहिलं. मला इतका आनंद झाला की मी ते अकरा वेळा उघडून बंद केलं.

साहेबांनी माऊस हातात घेऊन चित्र मोठं केलं. मग आणखी मोठं केलं. साधं चित्र असतं तर एव्हाना धुरकट झालं असतं आणि साहेब जेवायला गेले असते. चौसष्ट हजार पटीवर त्यांना दार आणि चौकट यांच्यामध्ये काहीतरी दिसलं.

"हे काय?"

"फट आहे, साहेब. दार हलायचं तर ती लागतेच."

"आपल्या कामात फट? तपासणीला कोण उत्तर देणार, तुम्ही?"

मग मी चुंबक तयार केलं. रेघ रेघेजवळ नेली की चिकटणार. ते जरा जास्तच उत्साही निघालं. दार खिडकीला, खिडकी जिन्याला आणि जिना साहेबांच्या केबिनला चिकटला. म्हणून मी 'मागे घ्या' असं बटण दिलं. त्यावर साहेब गंभीर झाले.

"मंजूर झालेली रेघ परस्पर मागे घेणार? कुणाच्या अधिकारात?"

तेव्हापासून बटण दाबलं की रेघ मागे जायच्या आधी अर्ज छापून यायचा आणि त्यावर साहेबांची सही लागायची. दिवसाला दोनशे सह्या होऊ लागल्या. साहेबांना इतकं ताजंतवानं मी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मलाही मजा येत होती. हौसेला मोल नसतं. मी अर्जालासुद्धा झूमची सोय करून दिली. तिकडे दवाखान्यातले डॉक्टर बाईंच्या प्रकृतीबद्दल चिंता व्यक्त करू लागले होते.

पाचव्या महिन्यात फट शून्य झाली. आराखडा सुताराच्या हाती गेला.

"साहेब, फट नसेल तर ते दार नाही, भिंत होईल," सुतार म्हणाला.

"चित्रात आहे तसं करा."

सुतार हाडाचा कारागीर. तीन दिवस पॉलिश पेपर घासून त्याने दार केसाचाही फरक न ठेवता बसवलं. साहेबांनी फीत कापली, दर्जा तपासायला आत गेले आणि दार ओढून घेतलं. ते चौकटीत असं बसलं की पुन्हा हललंच नाही.

"तोडू का?" सुताराने विचारलं.

"तोडणं म्हणजे बदल," मी म्हणालो आणि धावत जाऊन 'मागे घ्या' दाबलं. अर्ज छापून आला. सही करणारे आत होते. अर्ज दाराखालून सरकवावा, तर फट नव्हती.

"चित्रात उघडतंय का बघा," आतून साहेब म्हणाले.

बघितलं. चित्रात दार लोण्यासारखं उघडत होतं. सगळं कार्यालय माझ्या पडद्याभोवती जमलं, सुतारसुद्धा आला. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

बाई मात्र तिथेच दारापाशी उभ्या होत्या.

"शेजारच्या पुरुषांच्या स्वच्छतागृहाला पाच महिने धडधाकट दार आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते काढून इकडे लावलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. आहे ती वस्तू हलवायला आराखडा लागत नाही, परिपत्रक माझ्याच हातून आवक झालंय."

"मग बोलला का नाहीत, बाई?"

"मला कुणी विचारलं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. तुम्ही तरी तसे बघू नका. पहिल्या ओळीपासून तुम्हीही इथेच होतात; तुम्हाला कुठे सुचलं?