खाणीकाठच्या वस्तीने लिफ्ट लांब करविली ती हकीकत

॥ श्री ॥ वरल्या आकाशास आणि त्याचा भार पेलणाऱ्या धरित्रीस आधी दंडवत. शके १९३६, जयनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी समुद्रकाठच्या थोर परगणियांत इमारतींस ऐसा बहर आला कीं, सकाळी उठोन पाहावें तों काल जेथे आकाश होते तेथे आज खिडकी. आधी चार मजल्यांचे कौतुक होते, मग सातांचे जाहले, आणि मग वीस-तीस मजले म्हणजे नित्याची गोष्ट जाहली, आणि ज्या घारी पूर्वी माणसांचे माथ्यावरून फिरत त्या माणसांचे गॅलरीखालून फिरो लागल्या. त्या परगणियांत दगडाच्या जुन्या खाणीकाठी बैठ्या घरांची एक वस्ती होती. घरे दोनशे, नळ सहा, आणि पावसाळ्यांत खाणीचे पाणी चुलीपर्यंत येई. तेथे एक बांधकामवाले शेठ येवोन बोलिले कीं, 'ही घरं पाडून वीस मजली टॉवर उभा करतो, प्रत्येकाला पक्कं घर देतो.' वस्तीस परमसंतोष जाहला. मागाहून कज्जे होऊ नयेत म्हणोन शेठांचा नेम ऐसा कीं, सर्वांच्या सह्या जाहल्याविना कुदळ मारावयाची नाही. मग सह्या जाहल्या, पेढे वाटले, आणि एक सही मात्र राहिली.

ती सही वच्छलाबाई घाडी यांची. बाई सरकारी इस्पितळांत तीस वर्षे आया होत्या, स्ट्रेचर ढकलोन तळहातांस घट्टे पडले होते, आणि आता निवृत्त होवोन पुत्र विलास व सूनबाई यांजपाशी राहात होत्या. बाई हट्टी, ऐसा लौकिक कधी नव्हता. परंतु आदले मासी शेजारच्या नव्या टॉवरांत त्यांची जुनी मैत्रीण झुलेखाबी न्हाणीघरांत घसरोन पडली आणि कमरेचे हाड मोडले, आणि चौदाव्या मजल्यावरून तीस उतरवावयास इस्पितळाचे लोक आले तों स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना. तिरपा घातला, मावेना. उभा करावा तर झुलेखाबी पडेल. जिन्याचे वळण अरुंद. मग निरुपायें तीस खुर्चीवर बसविली, आणि मोडल्या हाडानिशी खाली आणिली. वच्छलाबाई धावोन गेल्या होत्या, तिचा हात त्यांचे हातांत होता आणि तिची किंकाळी कानांशी होती. पुढे झुलेखाबी बरी जाहली, काठी घेवोन चालो लागली, परंतु ती किंकाळी वच्छलाबाईंचे कानांतून जाईना. मग त्यांनी शेठांचा नकाशा मागोन पाहिला, तेथेही लिफ्ट चार फूट लांब, चार फूट रुंद. बाई बोलिल्या, 'हिच्यात आडवं माणूस मावत नाही. मावेल त्या दिवशी सही.'

वस्तीत हलकल्लोळ जाहला. सोसायटीचे अध्यक्ष सदोबा नाईकवडी, देह सहा फूट, आवाज नगाऱ्याचा, ते दारी येवोन बोलिले, 'वहिनी, दोनशे घरं तुमच्या एका सहीवर अडलीत. ज्येष्ठ लागेपर्यंत सह्या पुऱ्या नाहीत, तर शेठ दुसरीकडे जातो म्हणतायत.' बाई म्हणाल्या, 'भावजी, मी टॉवरला कुठे नाही म्हणते? माझ्याही चुलीत पाणी येतंच की.' सदोबा संतापोन गेले. नळावर बायका बोलेनाशा जाहल्या, बाईंची कळशी आली कीं पाठ फिरवीत. पुत्र विलास कामावरून येवोन म्हणाला, 'आई, लोक मला रस्त्यात अडवून बोलतात. तुझ्या एकटीपायी सगळ्यांचं घर घालवणार का?' बाई म्हणाल्या, 'माझ्यापायी नाही रे. दोनशे घरांत कधी ना कधी कुणीतरी आडवं होणारच.' ऐसें बोलिल्या खऱ्या, परंतु मनांत बहुत भ्याल्या. शेठ खरेच निघोन गेले तर दोनशे चुलींचा तळतळाट आपले माथी, ऐसें वाटोन त्यांनी दोनदा पेन हाती घेतले आणि दोनदा खाली ठेविले.

मग वैशाखांतले शेवटले रविवारी सकाळी मांडव घालोन सभा भरली. शेठ जातीने आले, समागमें त्यांचे इंजिनियर भार्गव केळुसकर नकाशे घेवोन आले, आणि सारी वस्ती जमा जाहली. सदोबांनी बाईंस सर्वांसमक्ष विचारिले, 'चार बाय चार म्हणजे कमी वाटतं का तुम्हाला?' बाईंनी पदर खोचोन खडू घेतला, फरशीवर चार फूट लांब, चार फूट रुंद चौकट आखिली आणि म्हणाल्या, 'भावजी, झोपा ह्यात.' लोक हसो लागले. सदोबा हट्टास पेटोन आडवे जाहले, तों गुडघ्यांखाली पाय चौकटीबाहेर. बाई म्हणाल्या, 'आता दार लावा.' मांडवांत एकच हशा उठला, आणि मग हळूहळू तो थांबला, कारण ज्याचे घरी म्हातारे होते त्यास त्याचे म्हातारे आठवले आणि जिचे पोटी बाळ होते तिने पोटावर हात ठेविला.

मग केळुसकर उठोन बोलिले, 'आजींचं म्हणणं खरं आहे. सात फुटांची लिफ्ट करता येईल. पण नियमानं इमारतीचा घेर वाढवता येत नाही. तीन फूट आतूनच घ्यावे लागतील, म्हणजे प्रत्येक मजल्यावर लिफ्टला लागून जे घर, त्याचं स्वयंपाकघर तीन फुटांनी कमी होणार. अशी वीस घरं. ती कोण घेणार?' जन्मांत प्रथमच पक्के स्वयंपाकघर मिळावयाचे, त्यातले तीन फूट कोण सोडी? वच्छलाबाई म्हणाल्या, 'एक माझं लिहा.' आणि सुनेकडे पाहो लागल्या, कारण त्या चुलीशी उभे राहणे आता सुनेस होते. सूनबाईंनी हातांनी तीन फूट मापोन पाहिले, आणि म्हणाल्या, 'लिहा. ओटा खिडकीखाली घेऊ.' तरी दुसरा हात वर येईना. इतक्यांत सदोबा फरशीवरून उठले, पाठीस खडू लागलेला तैसाच, आणि त्या नगाऱ्याच्या आवाजाने बोलिले, 'दुसरं माझं. पाय माझेच बाहेर राहिलेत.' मग तिसरा हात आला, मग एकदम पाच आले, आणि मग नळावर पाठ फिरविणाऱ्या बायकांनी आपल्या धन्यांचे हात धरोन वर केले. दुपारच्या जेवणाआधी वीस घरे पुरी जाहली. शेठ मघापासोन घड्याळ पाहात होते ते पाहावयाचे विसरले, आणि केळुसकरांस म्हणाले, 'बदल नकाशा.' बाईंनी तेथेच सही केली.

मग पाया खणला, खांब उभे राहिले, आणि नावाप्रमाणे थोडा विलंब करोन विळंबी नाम संवत्सरी, शके १९४० मध्ये, वीस मजली टॉवर पुरा जाहला. वच्छलाबाईंस अकरावा मजला मिळाला. त्या दिवाळींत सतराव्या मजल्यावरली अंजली शेलार बाळंत जाहली. कठीण बाळंतपण होते, वैद्यांनी उठोन बसावयाची मनाई केली होती, म्हणोन इस्पितळांतून घरी येता स्ट्रेचरवर निजोन आली, कुशीत कन्या. स्ट्रेचर सरळ लिफ्टमध्ये गेला, बाई जवळ उभ्या राहिल्या, दार लागले. परंतु वर जावे कैसें? प्रत्येक मजल्यावर लोक बटण दाबोन उभे, दार उघडे, आणि 'बघू, बघू' म्हणोन सारे बाळाचे तोंड पाहात. सतरा मजले चढावयास अर्धी घटका लागली. वच्छलाबाई ओरडोन ओरडोन थकल्या, 'अगं, बाळंतिणीला वर तर जाऊ द्या!' आणि अंजली पडल्या पडल्या हसत होती.

पुढे आसपासच्या वस्त्यांतून बाईंस नकाशे पाहावयास बोलावणी येवो लागली आणि परगणियांत ऐसी चाल पडली कीं, शेठ उंचीची थोरवी सांगो लागले म्हणजे लोक आधी लिफ्टची लांबी विचारीत. थोडक्यांत मजकूर इतुकाच कीं, टॉवर शेठांनी उंच केला आणि वस्तीने तो राहण्याजोगा केला. ऐकिले तैसें लिहिले. वाचणारांस पक्के घर आणि चांगले शेजारी लाभोत.