निरीक्षणाखालचा नर

तीन महिने रोज पाच किलोमीटर चालूनही बाबांच्या बुटांचे सोल झिजले नव्हते. खाचा नव्यासारख्याच, साडेतीन मिलिमीटर खोल. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या त्यांच्या धाकट्या मुलीने त्या दोनदा मोजल्या.

तिने विचारलं नाही, कारण तिचंही एक गुपित होतं. तीन महिन्यांपूर्वीच तिची परदेशातल्या एका बेटावर निवड झाली होती. समुद्री कासवांच्या विणीच्या हंगामात चार महिने स्वयंसेवकाचं काम. तिथल्या कासव केंद्राने दोनदा होकार मागितला, तिने दोनदा ‘लवकरच कळवते’ असं लिहिलं. आई गेल्यापासून घरात दोघंच, आणि बाबांना चहासुद्धा करता येत नव्हता. आता शुक्रवार ही शेवटची मुदत होती.

तेवढ्यात सरावासाठी केंद्राकडून काडेपेटीएवढं एक यंत्र आलं. कासवाच्या पाठीवर लावून त्याचा माग काढायचं. ‘आठवडाभर एखाद्या पाळीव प्राण्यावर लावून पाहा.’ शेजारच्या मांजराने तिचा हात ओरबाडला. मग तिने ते बाबांच्या फिरायला न्यायच्या पिशवीत टाकलं आणि यंत्रासोबतच्या अर्जात भरलं: नर, वय अडुसष्ट, प्रजाती ‘इतर’.

नोंदी थेट केंद्रात पोचतात हे तिला चौथ्या दिवशी कळलं. तिथल्या प्रमुख बाईंचं पत्र आलं. ‘तुमचा प्राणी घरापासून दोनशे मीटरवर जातो आणि दीड तास एका खोलीएवढ्या जागेत गोल गोल फिरतो. एक तर जखमी आहे, नाहीतर घरटं बांधतोय. प्रत्यक्ष पाहून कळवा.’

तिने ताईला फोन लावून पत्र वाचून दाखवलं.

“दोनशे मीटरवर कोण राहतं गं?”

“निवृत्त नर्सबाई.”

ताई हसली. “मग जखमी नाहीत बाबा.”

“काहीतरीच काय, ताई?”

“बरं, असले जखमी, तर योग्य ठिकाणीच गेलेत.”

शुक्रवारी सकाळी ती वही घेऊन निघाली. नर्सबाईंचं दार उघडंच होतं. आतून आवाज आला, “अहो, इतकं जाड नका काढू. आत बटाटा उरायला हवा.”

बाबा वळले. कमरेला फुलाफुलांचा एप्रन, हातात अर्धा सोललेला बटाटा.

“तू इथे कशी?”

“तुम्ही इथे फिरायला येता?”

“फिरतोच की. शेगडी ते बेसिन.” त्यांनी खिशातून यंत्र काढलं. “ही डबी पिशवीत सापडली. वाटलं, पावलं मोजायला ठेवलीस. म्हणून सूप उकळेपर्यंत येरझाऱ्या घालतो, आकडा भरावा म्हणून.”

“कासवाची आहे ती, बाबा.”

“तरीच,” नर्सबाई म्हणाल्या. “तीन महिन्यांत भात, अंडी आणि सूप. एवढाच वेग आहे.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“तू तरी कुठे सांगितलंस? बेटाचं पत्र प्रिंटरमध्येच विसरलीस. म्हटलं, तू तोंड उघडेपर्यंत निदान सूप तरी जमावं.”

त्यांनी वाटी पुढे केली. तिने एक चमचा घेतला आणि सवयीने जिभेवर घोळवला.

“दोन टक्के तरी मीठ आहे.”

“जास्त झालं?”

तिने दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. वाटी रिकामी करूनच ती खाली ठेवली.

“समुद्रात साडेतीन असतं,” ती म्हणाली. “मी जातेय, बाबा.”